नातेवाइकाला वापरायला दिलेल्या क्रेडिट कार्डाची रक्कम वसूल करण्याची प्रक्रिया: पात्रता, कागदपत्रे आणि मुदती

क्रेडिट कार्ड ज्याच्या नावावर असते, बँक पैसे त्याच्याकडूनच घेते. खरेदी भावाने केली की मेहुण्याने, याच्याशी बँकेचा संबंध नसतो. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे कुटुंबीयाच्या नावाने घेतलेल्या ॲड-ऑन कार्डाचे देणेही मूळ कार्डधारकावरच राहते. त्यामुळे येथे दोन स्वतंत्र हिशेब असतात: तुमचे बँकेला देणे आणि नातेवाइकाचे तुम्हाला देणे. पहिला वेळेवर मिटवावा आणि दुसऱ्याची वसुली दिवाणी मार्गाने करावी, हे या विषयाचे सार आहे. कार्ड दुसऱ्याच्या हाती देणे बहुतेक बँकांच्या अटींत बसत नाही. परंतु तो तुमचा आणि बँकेचा प्रश्न आहे, त्यामुळे नातेवाइकाचे तुम्हाला असलेले देणे माफ होत नाही.

सुरुवातीलाच एक इशारा द्यावासा वाटतो. पैसे मिळत नाहीत म्हणून ‘हा व्यवहार मी केलेला नाही’ अशी तक्रार बँकेकडे कधीही करू नये. कार्ड किंवा ओटीपी तुम्ही स्वतः दिला असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे बँकेला कळवीपर्यंतचा तोटा ग्राहकाचाच मानला जातो. शिवाय अशा खोट्या तक्रारीमुळे पुढे न्यायालयात तुमचीच बाजू लंगडी पडते. परवानगीशिवाय कार्ड वापरले गेले असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा कार्ड ताबडतोब ब्लॉक करून बँकेकडे आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

दावा कोणाला करता येतो

कार्ड तुमच्या नावावर असले पाहिजे, व्यवहार नातेवाइकाने स्वतःसाठी केलेला असला पाहिजे आणि रक्कम परत करायची आहे हे दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. तिसरी अट सर्वांत कठीण असते, कारण नात्यात दिलेला पैसा ही मदत होती, भेट होती किंवा घरखर्च होता, असा बचाव हमखास घेतला जातो. एकत्र राहणाऱ्या कुटुंबातील किराणा किंवा औषधांचा खर्च वसूल करणे म्हणूनच अवघड जाते. त्याउलट भाच्याच्या दुकानासाठी घेतलेला माल किंवा मेहुण्याचा मोबाइल यांबाबत वाद कमी होतो. व्यवहाराच्या वेळी नातेवाईक १८ वर्षांखालील असेल, तर त्याच्याशी झालेला करार कायद्याने टिकत नाही.

कागदपत्रे

कार्डाची सर्व संबंधित मासिक बिले बँकेकडून प्रमाणित करून घ्यावीत आणि नातेवाइकाचे व्यवहार त्यांत खुणेने दाखवावेत. ते बिल तुम्ही भरल्याचा खाते उतारा, ईएमआय केला असल्यास त्याचे वेळापत्रक, आणि व्याज, विलंब शुल्क व त्यांवरील १८ टक्के जीएसटी यांचा वेगळा तक्ता सोबत हवा. खरेदीची पावती नातेवाइकाच्या नावावर असेल किंवा माल त्याच्या पत्त्यावर पोचला असेल, तर तो पुरावा सोन्यासारखा जपावा. व्हॉट्सॲपवरील संभाषण फोनमधून पुसू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत दोन भागांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यातला एक भाग उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

या सगळ्यांपेक्षा मोलाचा कागद म्हणजे नातेवाइकाच्या सहीचे कबुलीपत्र. नात्यात सही मागण्याची भीड वाटते, हे मान्य आहे. तरीही संबंध बरे असतानाच ती मागावी, कारण वाद पेटल्यावर सही मिळत नाही. कबुलीपत्रात कार्डाचे शेवटचे चार अंक, प्रत्येक व्यवहाराची तारीख व रक्कम, बँकेचे व्याज कोण भरणार, हप्ते कोणत्या तारखांना येणार, आणि ‘ही रक्कम मी उसनी म्हणून वापरली असून ती परत करण्यास बांधील आहे’ असे स्पष्ट वाक्य असावे. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. महाराष्ट्रात असा करार सध्या ५०० रुपयांच्या मुद्रांक कागदावर करतात. बँकेने प्रत्यक्ष लावलेल्या व्याजापेक्षा जास्त व्याज त्यात लिहू नये, नाही तर समोरची बाजू विनापरवाना सावकारीचा आरोप पुढे करते. परतफेड खात्यावरच घ्यावी, कारण २०,००० रुपये किंवा त्याहून मोठ्या कर्जाची रोख देवघेव आयकर कायद्याला मान्य नाही.

मुदत

मुदत कायदा, १९६३ प्रमाणे अशा दाव्याला तीन वर्षे मिळतात. उसन्या पैशांत ती पैसे दिल्याच्या दिवसापासून आणि दुसऱ्यासाठी भरलेल्या पैशांत ते भरल्याच्या दिवसापासून मोजतात. नंतर तांत्रिक वाद नको, म्हणून सर्वांत आधीच्या व्यवहाराची तारीख धरूनच हिशेब करणे सुरक्षित ठरते. मुदत संपण्यापूर्वी नातेवाइकाने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर कलम १८ नुसार त्या दिवसापासून नवी तीन वर्षे मिळतात. काही रक्कम परत आली, तर तिचीही नोंद त्याच्याच सहीने करून घ्यावी. ‘देतो, पुढच्या महिन्यात बघू’ या तोंडी आश्वासनांनी मुदत एका दिवसानेही वाढत नाही, आणि बहुतेक खरे दावे याच कारणाने बुडतात.

वसुलीचे टप्पे

प्रथम कार्ड परत घेऊन पिन व पासवर्ड बदलावेत आणि ॲड-ऑन कार्ड रद्द करावे. बँकेचे बिल तुम्ही पूर्ण भरावे. फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास व्याज चढत जाते आणि बिल थकल्यास त्याची नोंद तुमच्याच पतअहवालात होते.

त्यानंतर वकिलामार्फत रकमेचा तपशील व १५ दिवसांची मुदत देणारी नोटीस पाठवावी. टपाल खात्याची नोंदणीकृत टपाल सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी.

नातेवाईक बोलायला तयार असेल, तर लोकअदालतीचा मार्ग मला सर्वांत योग्य वाटतो. दावा दाखल करण्यापूर्वीच तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो, त्याला कोर्ट फी लागत नाही, आणि तेथे झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे, म्हणजे अंतिम आदेशाचे, बळ असते. तिच्यावर अपील होत नाही. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. माहितीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

तडजोड झाली नाही, तर दिवाणी दावा दाखल करावा. प्रतिवादी जेथे राहतो किंवा व्यवहार जेथे झाला, तेथील न्यायालयात तो चालतो. महाराष्ट्रात पाच लाखांपर्यंतचे दावे कनिष्ठ स्तर न्यायालयात आणि त्यापुढचे वरिष्ठ स्तर न्यायालयात जातात; मुंबई शहरातील रचना मात्र वेगळी आहे. ठरावीक रकमेचा लेखी करार हाती असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो. त्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचाव मांडण्यासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते.

नातेवाइकाने परतफेडीसाठी दिलेला धनादेश न वटता परत आला, तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ लागू होते. धनादेश त्यावरील तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरावा. तो परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी, ती मिळाल्यावर त्याला १५ दिवस द्यावेत आणि ते संपल्यावर एका महिन्याच्या आत तक्रार दाखल करावी. यातली एक तारीख चुकली, तरी तक्रार अडचणीत येते. धनादेश खात्यात जमा केला असेल, तर ही तक्रार तुमचे खाते ज्या शाखेत आहे तेथील न्यायालयात करता येते. नातेवाईक दूरच्या गावी असला तर ही मोठी सोय आहे.

पोलिसांत धाव घेण्यापूर्वी विचार करावा. केवळ पैसे परत न करणे ही फसवणूक ठरत नाही. कार्ड घेतानाच परत न देण्याचा हेतू होता, हे दाखवावे लागते.

हुकूमनामा मिळाल्यावर पैसे आपोआप येत नाहीत. १२ वर्षांच्या आत दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते आणि तिच्यासोबत नातेवाइकाच्या नोकरीचा, बँक खात्यांचा व मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. पगारातून पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग जप्त करता येत नाही, म्हणून पगारदार नातेवाइकाकडून वसुली दरमहा हप्त्यानेच होते.