अजिंठ्यावरची लाख आणि रसायनशास्त्राची एक वेगळी वाट

जून 2020 मध्ये पंढरपूरचं मंदिर टाळेबंदीमुळे भाविकांसाठी बंद होतं. आषाढीच्या तोंडावर विठ्ठल-रुक्मिणीच्या मूर्तींना वज्रलेप केल्याची बातमी तेव्हा सगळीकडे आली. हे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या विज्ञान शाखेतल्या रसायनतज्ज्ञांनी केलं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं असेल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचं 2015 मधलं रासायनिक संवर्धनही याच खात्याकडे होतं. वज्रलेपाची कृती सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सापडते. टेंभुर्णीची कच्ची फळं, कवठ, सावरीची फुलं यांचा काढा आटवायचा आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस घालून लेप करायचा, असं तिथे सांगितलं आहे. दगड झिजतो, म्हणून त्याची काळजी घेणारा जाणकार आपल्याकडे पूर्वीपासून आहे. आज त्याच्याकडे बहुधा रसायनशास्त्राची पदवी असते.

तरीही बी.एस्सी. केमिस्ट्री करणाऱ्या मुलांना पुढच्या वाटा सांगितल्या जातात त्या तीनच : औषध कंपनी, क्यूसी लॅब (मालाची गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा), नाहीतर बी.एड. वारशाच्या वस्तूंचं संवर्धन ही चौथी वाट कोणी दाखवत नाही आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण महाराष्ट्राइतकं या विषयाचं घरचं मैदान फार थोड्या राज्यांना लाभलं आहे. लेणी आहेत, किल्ले आहेत, मोडी कागदांचे ढीग आहेत, पुण्यात चित्रपटांचा संग्रह आहे. या कामात विज्ञान नेमकं कुठे येतं ते पाहायचं, तर अजिंठ्याला जायला हवं.

अजिंठ्याची चित्रं ओल्या चुन्यावर रंगवलेली नाहीत. कातळ छिन्नीनं खडबडीत ठेवला, त्यावर तूस, गवत, तंतू घातलेल्या मातीचा जाड थर दिला, त्यावर बारीक मातीचा पातळ थर आणि वर पांढरा हात फिरवला. तो सुकल्यावर रंगकाम झालं. गेरू, पिवळी माती, काजळी, इथल्याच बेसॉल्टमधून मिळणारी हिरवी माती आणि थेट अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून आलेला लाजवर्द हा निळा दगड. हे सगळे रंग सरस किंवा डिंकासारख्या बंधकात कालवलेले. ही रचना एकदा समजली की पुढचं सगळं कोडं उलगडतं. माती पाण्यानं फुगते आणि सरस पाण्यात सुटतो. म्हणजे भिंत कितीही मळलेली दिसली, तरी ओलं फडकं हा सर्वांत घातक उपाय.

1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी जॉन स्मिथ लेण्यांत शिरला आणि बाहेरच्या जगाला चित्रांचा पत्ता लागला. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी तिथे वर्षानुवर्षं नकला करत होते. चित्रं उठून दिसावीत म्हणून त्या काळात भिंतींवर व्हार्निश फिरवलं गेलं. मग निजामाच्या पुरातत्त्व खात्यानं 1920 ते 1922 या काळात लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना बोलावलं. भिंतीपासून सुटून लोंबणारा गिलावा त्यांनी पुन्हा कातळाला धरवला. त्यांनी ते केलं नसतं तर आज दिसणारी काही चित्रं जमिनीवर चुरा होऊन पडली असती. त्यांनीही चित्रांवर लाखेचा थर दिला.

फर्निचरला पॉलिश करताना सुतार जी चपडी स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच ही लाख. रंगाचा पृष्ठभाग कोरडा आणि सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो आणि रंग फिके वाटतात. लाखेनं ते खड्डे भरले की विखुरणं थांबतं, रंग गडद आणि ताजे दिसू लागतात. त्या वेळच्या माणसांना हा चमत्कारच वाटला असणार. पण लाखेच्या रेणूंवर आम्लगट असतात आणि हायड्रॉक्सिल गटही असतात. वर्षं जातात तसे हे गट एकमेकांशी जोडले जातात, छोट्या रेणूंचं मोठं जाळं विणलं जातं. थर पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, आणि ज्या स्पिरिटमध्ये तो सहज विरघळायचा त्यात आता विरघळेनासा होतो. त्यावर धूळ आणि काजळी बसते. पाहणाऱ्याला वाटतं की अजिंठ्याचे मूळ रंगच असे मातकट आहेत.

गेल्या काही दशकांत पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांनी हा थर उतरवायचं काम हाती घेतलं. त्यातली एक पायरी जवळून पाहू. आधी अंधारात अतिनील दिवा धरायचा. लाख त्या प्रकाशात नारिंगी चमकते, त्यामुळे थर कुठे जाड आणि कुठे पातळ आहे याचा नकाशा हातात येतो. मग एका कोपऱ्यात, जिथे चेहरा नाही, हात नाही, अशा ठिकाणी दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन निवडायचा. खालच्या रंगाचा बंधक पाण्यात सुटणारा आहे, पण अनेक सेंद्रिय द्रावकांत तो सुटत नाही. लाखेचं वागणं उलटं आहे. या फरकावर सगळं काम उभं आहे. काडीला गुंडाळलेला कापसाचा बोळा द्रावकात बुडवून, निथळवून, पृष्ठभागावरून लाटल्यासारखा फिरवायचा, घासायचा नाही. प्रत्येक वेळी बोळा उलटून पाहायचा. पिवळट तपकिरी डाग आला तर ती लाख आहे. लालसर किंवा हिरवट छटा दिसली तर तिथल्या तिथे हात थांबवायचा, कारण बोळ्यावर आलेला तो रंग दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराचा आहे आणि तो परत भिंतीवर जाणार नाही.

या क्षेत्राचं मर्म माझ्या मते इथे आहे. चेक्कोनी अडाणी नव्हते, आपल्या काळातले उत्तम जाणकार होते. 1922 चा उपाय पुढे दुखणं झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटसारखी कृत्रिम रेझिनं आली आणि त्यांचंही वय होताना दिसलं. म्हणून आजचा संवर्धक जो पदार्थ वापरतो तो शक्यतो पुन्हा काढता यावा असा निवडतो. कमीत कमी लावतो. काय लावलं, कुठे लावलं, किती लावलं हे फोटोंसकट लिहून ठेवतो. पन्नास वर्षांनी येणाऱ्या माणसाला ते कळायला हवं. ज्यांना प्रयोगवही नीट लिहायचा कंटाळा आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे मी स्पष्टच सांगेन.

आता कागद. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागदांचे गठ्ठे कापडात बांधलेले आहेत, त्यांना रुमाल म्हणतात. त्यातला जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद दोन-अडीचशे वर्षांनंतरही पुष्कळदा वाकवला तरी मोडत नाही, आणि आजोबांच्या ट्रंकेतलं 1950 चं वर्तमानपत्र हात लावताच तुटतं. हातकागद चिंध्यांच्या आणि तागाच्या लांब तंतूंचा आहे. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यात लिग्निन हा लाकडातला घटक असतो, त्यातून आणि तुरटीच्या प्रक्रियेतून आम्ल तयार होतं आणि ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडत जातं. शाईचंही तसंच. काजळी आणि डिंकाची देशी शाई रासायनिकदृष्ट्या शांत असते, फक्त पाण्याला भिते. इंग्रजी अमदानीतल्या लोह आणि मायफळाच्या शाईतलं आम्ल आणि लोह कागद खात जातं, कधी कधी अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक उरतं. एकाच रुमालात दोन्ही शाया असतील तर एकाला चालणारा उपचार दुसऱ्याला चालत नाही. आधी ओळख, मग उपचार. आम्ल शमवायला कॅल्शियमची सौम्य अल्कली द्रावणं, फाटलेल्या जागी जपानी टिश्यू हा पातळ पण चिवट कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, इतकं साधं साहित्य पुष्कळदा पुरतं. कौशल्य ते केव्हा वापरायचं नाही हे ओळखण्यात आहे.

इथेही लाखेसारखीच गोष्ट घडली. 1950 च्या दशकात दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात यंत्राशिवाय, ॲसिटोन वापरून कागदावर सेल्युलोज ॲसिटेटचं पातळ आवरण चढवायची पद्धत तयार झाली. स्वस्त आणि सोपी म्हणून ती बऱ्याच ठिकाणी वापरली गेली. पण सेल्युलोज ॲसिटेट स्वतःच विघटित होतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, बाहेर पडतं. जुन्या चित्रपटांच्या फितीही याच पदार्थाच्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या ठिकाणी डबा उघडल्यावर आंबूस वास आला की जाणकाराला कळतं, फीत आजारी आहे. त्याआधीच्या सेल्युलोज नायट्रेटच्या फिती तर पेटणाऱ्या.

जुन्या कारागिरांकडून शिकण्यासारखंही किती आहे पाहा. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे 2016 मध्ये 'करंट सायन्स'मधल्या शोधनिबंधात पुढे आलं. पुरातत्त्व खात्यातले रसायनतज्ज्ञ मॅनेजर राजदेव सिंग ('मॅनेजर' हे त्यांचं नावच) आणि औरंगाबादच्या विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ एम. एम. सरदेसाई यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आणि अवरक्त वर्णपटाच्या मदतीनं जुने तंतू आणि आजच्या भांगेचे तंतू ताडून पाहिले. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथे किड्यांनी चित्रांचं मोठं नुकसान केलं. वेरूळला तसा उपद्रव आढळला नाही. एक रसायनशास्त्राचा माणूस आणि एक झाडांचा माणूस एकत्र बसला, म्हणून हे समजलं. वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा भूगर्भशास्त्र घेतलेल्यांनी स्वतःला या क्षेत्राबाहेरचं समजू नये.

मग शिकायचं कुठे? बारावीनंतर थेट संवर्धनाची पदवी शोधत बसण्यापेक्षा आधी विज्ञानाची किंवा ललितकलेची पक्की पदवी घ्या. त्यानंतर नोएडाच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ हेरिटेजमध्ये कलासंवर्धनाचं एम.ए. आहे. ही पूर्वीची नॅशनल म्युझियम इन्स्टिट्यूट. लखनौची राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळा 1976 पासून संशोधन आणि प्रशिक्षण दोन्ही करते. कागदपत्रांत रस असेल तर राष्ट्रीय अभिलेखागाराचे अभ्यासक्रम पाहा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात 1952 पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कलासंवर्धन केंद्र आहे, तिथलं काम एकदा तरी पाहून या. वास्तूंचं संवर्धन करायचं असेल तर रस्ता निराळा, त्यासाठी आधी आर्किटेक्चर करावं लागतं.

नोकऱ्यांबद्दल गोड बोलण्यात अर्थ नाही. सरकारी जागा थोड्या निघतात. पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञाच्या पदांसाठी रसायनशास्त्रातली एम.एस्सी. मागतात, म्हणून ती हातात असलेली बरी. बाकी संग्रहालयं, अभिलेखागारं, वारसा जतन करणाऱ्या इंटॅक या संस्थेची संवर्धन केंद्रं आणि खासगी संवर्धकांचे स्टुडिओ. सुरुवातीचा पगार औषध कंपनीशी तुलना करण्यासारखा नसतो आणि हात बसायला वर्षं लागतात. तब्येतीकडेही बघावं लागतं. द्रावकांच्या वाफा असतात, शिवाय जुन्या संग्रहांतल्या वस्तूंवर एकेकाळी किडीसाठी आर्सेनिक किंवा डीडीटी मारलेलं असू शकतं. हातमोजे आणि धूर ओढणारं कपाट नसलेल्या ठिकाणी काम करू नका, शिकाऊ असलात तरी.

ज्यांना पदवीपर्यंत थांबवत नाही, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात एक उघडी शाळा आहे : दर रविवारी गडांवर चालणारं गडसंवर्धन. या मुलांचं प्रेम खरं आहे. म्हणूनच त्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. चुन्यात बांधलेल्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरू नका. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट ती अडवतं. मग पाणी दगडातून वाट काढतं, सोबतचे क्षार पृष्ठभागाजवळ स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. कोकणातल्या जांभ्यासारख्या सच्छिद्र दगडाला याचा त्रास जास्त. तोफांना ऑइलपेंट फासण्याआधीही थांबा. समुद्राकाठच्या लोखंडात क्लोराइड खोलवर मुरलेलं असतं आणि रंगाच्या आत गंज चालूच राहतो. राज्य संरक्षित किंवा केंद्र संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय असं काही करणं कायद्यातही बसत नाही. त्याऐवजी मोजमापं घ्या, प्रत्येक भेगेचा पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख टाका आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर त्याच जागेवरून पुन्हा काढा. जवळपास कोणी जुना गवंडी चुना भिजवून मळत असेल तर त्याच्या हाताखाली काही दिवस राबा, आणि किती भिजवला, वाळू किती घातली, कसा वाळला, हे वहीत लिहा.