जुन्या धनुष्यातल्या पितळी बुशची कुळकथा

जुनं लाकडी रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं) धनुष्य हाती आलं की जाणकार आधी भुजांना कुठे पीळ पडलाय का ते पाहतो आणि मग मूठ उलटी करतो. मुठीच्या पुढच्या अंगाला, नेमबाजाच्या विरुद्ध बाजूला, कधी आतून आटे पाडलेली, जोडसाधन पिळून बसवायची छोटी पितळी नळी, म्हणजे बुश, दिसतो, कधी नुसतं गुळगुळीत लाकूड. असलेला बुश तसाच ठेवावा की बदलावा, आणि नसेल तर नव्याने बसवावा का, यावर जुन्या धनुष्यांच्या शौकिनांत अजूनही कडाक्याचे वाद होतात. त्या वादाचं मूळ १९६० च्या दशकात आहे.

धनुष्याला परक्या वस्तूची जोड देणं मात्र त्याहून फार जुनं. १५४५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ बुडालेलं ‘मेरी रोझ’ हे युद्धजहाज १९८२ मध्ये वर काढलं. त्याच्या अवशेषांत यू झाडाच्या लाकडाची शंभराहून जास्त लांब धनुष्यं मिळाली. दोरी अडकवण्यासाठी त्यांच्या टोकांवर शिंगाच्या टोप्या होत्या. शिंग पाण्यात नष्ट झालं, पण टोपीखाली झाकलेलं लाकूड फिकट राहिलं होतं. जोडलेली वस्तू गेली, तरी तिची खूण लाकडाने सांभाळली. हिंदुस्थानातल्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पोलादी धनुष्यांत तर काही मुठीपाशी आट्यांनी जोडलेली, दोन तुकड्यांत उघडणारी आहेत. म्हणजे धनुष्यात आटे असणं हेही काही आधुनिक खूळ नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर फायबरग्लास चिकटवून भुजा बनू लागल्या. मूठ जाड झाली आणि तिच्यात बाण मध्यरेषेजवळून जाईल अशी खिडकी कापली जाऊ लागली. तरीही १९५० च्या दशकातल्या बहुतेक मुठींत धातूचं काही नसे. नेम धरायची साइट म्हणजे अनेकदा चिकटवलेली पट्टी आणि तिच्यात सरकणारी टाचणी.

हे बदललं ते १९६१ मध्ये. अमेरिकेतले धनुष्यकार अर्ल हॉइट यांनी मुठीतून पुढे निघणाऱ्या दांड्यांच्या टोकाला वजन लावलं. त्यालाच आपण आज स्टॅबिलायझर म्हणतो. दोरी सुटताना बोटांच्या नकळत झालेल्या हालचालीने मूठ हातात वळते आणि बाण भरकटतो. वजन मुठीपासून जितकं लांब, तितका तिच्या वळण्याला होणारा विरोध जास्त, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून मूठ जाडजूड करून जे साधत नाही ते लांब दांडीवरच्या थोड्याशा वजनाने साधतं. फायदा डोळ्यांना दिसत होता. कारखाने मुठीतच बुश बसवून धनुष्यं विकू लागले, आणि ज्यांच्याकडे आधीची धनुष्यं होती त्यांनी ती ड्रिलखाली धरली.

म्हणून आज दोन प्रकारचे बुश सापडतात. कारखान्यातल्या बुशच्या कडेपर्यंत मूळ वार्निश सलग येतं. मागाहून बसवलेल्याभोवती वार्निश तुटलेलं असतं, बऱ्याचदा गोंदाचं पिवळट कडंही दिसतं. अशा धनुष्याला ‘बिघडवलेलं’ म्हणणं मला पटत नाही. ते भोक कुणीतरी स्पर्धेच्या ओढीने पाडलेलं आहे. तोही त्या धनुष्याचाच इतिहास झाला.

व्हिक बर्गर यांच्या नावाने ओळखला जाणारा प्लंजर, म्हणजे बाणाला बाजूने टेकणारी स्प्रिंगची खुंटी, आला तेव्हा मुठीला आडवं, आरपार भोक लागलं. १९२० नंतर थेट १९७२ मध्ये म्युनिकला तिरंदाजी ऑलिम्पिकमध्ये परतली आणि या साधनांची मागणी वाढली. पुढे स्टॅबिलायझर आणि प्लंजर या दोन्हींसाठी ५/१६ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे माप रूढ झालं. जुन्या धनुष्यांत मात्र पाव इंची आटेही भेटतात. सर्वांत जास्त नुकसान होतं ते ८ मिलिमीटरच्या साध्या बोल्टने. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे तो बोल्ट सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो आणि अर्ध्या फेऱ्यात अडकतो. तिथे जोर लावला की साठ वर्षं टिकलेले आटे एका क्षणात जातात.

धातूच्या मुठी आल्यावर हव्या तेवढ्या जागी आटे पाडता येऊ लागले. लाकडी धनुष्यं कपाटात गेली, आणि तिथेच त्यातली कित्येक शाबूत राहिली.

वाद पुन्हा तापला आहे तो बेअरबो, म्हणजे साइटशिवाय नेमबाजी करण्याच्या, प्रकारामुळे. त्यात लांब दांडी चालत नाही. दोरी न चढवलेलं धनुष्य त्यावरच्या वजनासकट १२.२ सेंटिमीटर व्यासाच्या कड्यातून जावं लागतं. मुठीला चिकटून बसणारं वजन चालतं, आणि ते लावायला बुश हवा. माझं मत स्पष्ट आहे: बुश आहे तर तो दुरुस्त करून खुशाल वापरा. १९६१ च्या आधीच्या, बुश नसलेल्या मुठीला ड्रिल लावू नका. खिडकीजवळ लाकूड आधीच सर्वांत कमी उरलेलं असतं, आणि पाडलेलं भोक पुन्हा न पाडल्यासारखं करता येत नाही.

मुठीवरच्या कंपनीच्या बिल्ल्यांचंही तेच. फ्रेड बेअर यांच्या कंपनीच्या धनुष्यांवर १९७२ पर्यंत लाकडाच्या पातळीत बसवलेलं धातूचं नाणं असे, १९७३ पासून उठावदार प्लॅस्टिकचा बिल्ला आला. डागाळलेलं नाणं काढून चकचकीत नवं बसवलं की धनुष्याचं वय ओळखायची सोपी खूण गेली.

पितळेवर हिरवा कळंक आला असेल तर सुती कापड आणि थोडं मेण पुरतं. पॉलिशची पूड लाकडाच्या रेषांत शिरून पांढरी राहते. बुशमध्ये लोखंडी स्क्रू कायमचा ठेवू नये, कारण ओल आणि लाकडातलं टॅनिन मिळून काळा डाग पडतो. बुश काढावाच लागला तर आत बोल्ट फिरवून त्याला सोल्डरिंग आयर्नची ऊब द्यावी. गोंद इपॉक्सी असेल तर तो मऊ होतो. ज्योत मात्र जवळ आणू नये, भुजांचे थरही गोंदानेच धरलेले असतात. निघालेला बुश पुडीत घालून वर माप, आट्यांची संख्या आणि काढल्याची तारीख लिहावी, आणि ती पुडी धनुष्याच्या पिशवीतच ठेवावी.