स्पर्धेचा गळ, सुट्टीचा गळ

सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तळ्यावर रविवारी गळ टाकून बसणाऱ्यांत दोन तऱ्हा लांबूनच ओळखू येतात. एकाकडे बांबूची काठी, डब्यात ओल्या मातीतली गांडुळं आणि पिशवीत कडक भाकरी नि शेंगाचटणी. दुसऱ्याकडे कार्बनचा रॉड, रील आणि मासा लटकवून तोलायचा छोटा वजनकाटा. आपल्याकडे गळाच्या बक्षिसाच्या स्पर्धा तशा दुर्मीळच. पण चढाओढीला बक्षीस कशाला लागतं? ग्रुपवर टाकलेला किलोचा आकडा पुरतो. पहिला दुसऱ्याबद्दल म्हणतो, "ह्याला मासा नको, मिरवायला हवं." दुसरा मात्र पहिल्याबद्दल बहुतेक वेळा काहीच म्हणत नाही. त्याला तो दिसतच नाही म्हणा ना.

हा एकतर्फीपणा अभ्यासकांना फार पूर्वीच दिसला होता, तोही मासेमारीत नव्हे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बाउंडरी वॉटर्स नावाचा तळ्यांचा आणि जंगलाचा मोठा प्रदेश आहे. तिथल्या पर्यटकांचा अभ्यास करून रॉबर्ट लुकास यांनी 1964 मध्ये एक मजेशीर गोष्ट मांडली. वल्ह्याची होडी चालवणाऱ्यांना मोटरबोटवाले नकोसे वाटत होते, मोटरबोटवाल्यांना मात्र वल्हेवाल्यांचं काहीच वावडं नव्हतं. पाणी तेच, सुट्टी तीच, तक्रार फक्त एका बाजूची. पुढे 1980 मध्ये जेकब आणि श्रेयर यांनी याची कारणमीमांसा केली. माणूस बाहेर पडतो तो मनात काहीतरी हेतू धरून. समोरच्याच्या वागण्यानं तो हेतू बिघडला की भांडण उभं राहतं. ज्याला शांतता हवी, त्याची शांतता आवाजानं मोडते. ज्याला वेग हवा, त्याचं शांततेनं काही अडत नाही.

गळाच्या बाबतीत हे चपखल बसतं. तळ्यावर चार घटका निवांत बसायला आलेल्याच्या शेजारी कोणी दर मिनिटाला दोरी फेकून रील गरागरा फिरवू लागला, तर निवांतपणा संपला. उलट, स्पर्धेच्या मनाच्या माणसाला शेजारी कोणी डुलकी काढत बसला तरी काय फरक पडतो?

पण सगळाच वाद असा समोरासमोरचा नसतो. जेरी व्हास्की आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये कोलोरॅडोतल्या एका डोंगरावर शिकारी आणि प्राणी बघायला येणारे पर्यटक यांच्यातलं वितुष्ट तपासलं. पर्यटकांपैकी बऱ्याच जणांना शिकारी कधी भेटलेलाच नव्हता, तरी राग होता. म्हणजे त्रास झाला म्हणून नव्हे, तर 'हे मुळात चूक आहे' म्हणून. मला वाटतं, आपल्याकडचा निम्मा वाद याच जातीचा आहे. रीलवाल्याला प्रत्यक्ष पाहण्याआधीच त्याच्याबद्दल मत तयार असतं, आणि ते बहुतेक मोबाईलवर पाहिलेल्या व्हिडिओंवरून.

दोघं एकाच छंदाच्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभे आहेत, असंही म्हणता येईल. हॉब्सन ब्रायन यांनी 1977 मध्ये ट्राउट मासा धरणाऱ्या हौशी लोकांची अशीच चढती क्रमवारी लावली होती. कधीमधी येणारा, सराव झालेला, एकाच पद्धतीत मुरलेला आणि शेवटी पद्धत, आमिष, पाणी सगळंच काटेकोरपणे ठरवणारा. वर चढत जाईल तसं किती मासे मिळाले याचं महत्त्व कमी होतं, कसे मिळाले याचं वाढतं. टेक्सासमधल्या बास नावाचा मासा धरणाऱ्यांवरच्या 1998 च्या अभ्यासातही स्पर्धेत उतरणारे अधिक वेळा पाण्यावर जाणारे, स्वतःला अधिक कुशल समजणारे आणि मोठ्या माशाच्या मागे असलेले आढळले. खाण्यासाठी मासा नेणं त्यांच्या लेखी गौण.

आता खरी मेख. "मी मासा सोडून देतो, तू खातोस" हे स्पर्धकाचं म्हणणं. "मी निदान खातो तरी, तू उगाच छळतोस" हे हौशी माणसाचं. गंमत अशी की जगातल्या रीती-नियमांनीही दोन्ही बाजू घेतल्या आहेत. अमेरिकेत बास मासेमारीच्या स्पर्धा भरवणाऱ्या रे स्कॉट यांनी 1972 मध्ये 'पकडलेला मासा मारू नका' अशी मोहीम काढली आणि जिवंत मासा तोलून परत सोडण्याची रीत रुजवली. स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून नेमकं उलटं आहे. सोडून देण्याच्याच इराद्यानं मासा धरणं तिथे प्राणीसंरक्षणाच्या नियमांत बसत नाही.

माशाच्या बाजूनं पाहिलं तर हेतूला काही अर्थच नाही, अर्थ आहे तो सेकंदांना. गळाला लागलेला मासा जोरात झटके देतो तेव्हा त्याच्या पांढऱ्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचतं आणि त्याला प्राणवायू हवा असतो. नेमक्या त्याच वेळी आपण त्याला पाण्याबाहेर काढतो. कल्ल्यांच्या पाकळ्या पाण्यात पिसाऱ्यासारख्या उलगडलेल्या असतात. हवेत आल्या की एकमेकींना चिकटतात आणि श्वास जवळपास थांबतो. फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी 1992 मध्ये दमवलेल्या इंद्रधनुषी ट्राउटवर हे मोजलं. फक्त दमवलेल्या माशांपैकी 12 टक्के मेले. दमवून 30 सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी 38 टक्के, आणि 60 सेकंद ठेवलेल्यांपैकी 72 टक्के. बरेचसे लगेच मेले नाहीत, काही तासांनी मेले. सोडताना शेपटी हलवून गेला म्हणजे वाचला, असं समजू नये.

फोटोसाठी मासा उचलून धरा, वजनकाटा शोधा, मित्राला हाक मारा, "जरा उजेडात धर" म्हणा. एक मिनिट कधी सरलं ते कळतही नाही. वर कोरड्या फडक्यानं पुसलं तर अंगावरचा बुळबुळीत थर जातो. तोच त्याचं जंतूंपासून संरक्षण करतो. हात ओले करून, पाण्यातच धरून गळ काढला तर यातलं बरंच टळतं.

सोलापूरच्या उन्हाळ्यात तर हिशेब आणखी कडक. 20 अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, 30 अंशांवर तोच साडेसातच्या आसपास येतो. त्यातच गरम पाण्यात माशाची गरज वाढते. एप्रिल-मेच्या दुपारी सोडलेला कटला आणि थंड डोंगरी पाण्यात सोडलेला ट्राउट यांची बरोबरी होत नाही.

मग चिलापीचं, म्हणजे तिलापिया माशाचं काय? उजनीच्या जलाशयात तिचंच राज्य आहे. ही मूळची आफ्रिकेची, तिचा मोझांबिक प्रकार 1952 मध्ये भारतात आणला गेला. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्लं मोठ्या संख्येनं वाचतात. कमी प्राणवायूतही ती तग धरते आणि स्थानिक माशांची जागा बळकावते. अशी चिलापी सोडून देण्यात कसलं पुण्य? अमेरिकी बासचा नियम इथे जसाच्या तसा उचलला तर तो आपल्या तळ्याचं नुकसानच करेल. चिलापी घरी नेऊन तळणाऱ्या हौशी माणसाच्या पारड्यात मी इथे सरळ माप टाकतो. मरळ किंवा वाम असेल, तीही अंड्यांनी भरलेली, तर पारडं फिरतं. एरवी, जाळ्यावर पोट असलेल्या भोई मंडळींना दोघांचा वाद रिकामपणाचा वाटला तर नवल नाही.

सायप्रिनस माशाचा मामला वेगळाच. नेदरलँड्समध्ये ब्यूकेमा यांनी 1970 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एकदा गळाला लागून सुटलेले कार्प पुन्हा गळाला लागण्याचं प्रमाण बरंच घटलं, आणि तो सावधपणा महिनोन्महिने टिकला. आपला सायप्रिनस म्हणजे हाच मासा. तेव्हा "रीलवाले येऊन गेल्यापासून मासा लागेना" ही काठीवाल्यांची तक्रार, निदान सायप्रिनसपुरती, निव्वळ कुरकुर म्हणून उडवून लावता येत नाही.