गर्डरला कार्बनची पट्टी आणि बाहेरून ओढलेली केबल

पुलाची दुरुस्ती वेगळी आणि मजबुतीकरण वेगळं, हे आता बहुतेकांना पटलंय. सुटलेलं काँक्रीट काढून सळईचा गंज घासला, मायक्रोकाँक्रीट भरलं, तडांत इपॉक्सी सोडलं की झाली दुरुस्ती. पूल फार तर मूळ ताकदीजवळ येतो. खरा घोळ त्यापुढे आहे. गर्डरच्या, म्हणजे पूल पेलणाऱ्या आडव्या तुळईच्या, तळाला कार्बन फायबरची पट्टी चिकटवली काय नि बाहेरून पोलादी केबल ओढली काय, ‘स्ट्रेंदनिंग झालं’ असं एकाच दमात सांगतात. हे साफ चूक आहे.

सीना-भीमेवरच्या कुठल्याही पुलावर एकही गाडी नसताना गर्डर स्वतःचं, स्लॅबचं आणि डांबराचं वजन पेलतच असतो. सळई त्यानेच ताणलेली असते. आज चिकटवलेल्या पट्टीत मात्र ताण शून्य. यापुढे जो भार येईल, समजा उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, तेवढ्यातलाच वाटा ती उचलते. सळईवरचं जुनं ओझं तसंच राहतं, तडा मिटत नाहीत, झुकलेला गर्डर वर येत नाही. अतिभाराने सळई नमू लागली की पट्टी खरी कामाला येते, म्हणून ती निरुपयोगी नाही. पण तिच्याकडून भलतंच मागू नये.

केबल जॅकने ओढली की त्याच क्षणी गर्डरला दाबते आणि डेव्हिएटरपाशी, म्हणजे केबलला वाक देणाऱ्या आधारापाशी, वर ढकलते. जुनं ओझंही हलकं होतं, तडा मिटू लागतात. मात्र तो दाब सोसायला काँक्रीट धड हवं आणि टोकाला केबल धरून ठेवणाऱ्या अँकरची जागा भक्कम हवी.

लोखंडी प्लेट की कार्बन, हा वाद किरकोळ. प्लेट जड असते, गंजते. वागणूक दोन्हींची पट्टीचीच.

तडा वाढत असतील आणि काँक्रीट धड असेल, तर माझं मत केबललाच. पट्टीच लावायची तर आधी डांबर खरवडून काढा. 50 मिमीचा थर चौरस मीटरला 110 किलोच्या आसपास भरतो, आणि आपल्याकडे थरावर थर चढवायची खोडच आहे. डांबर काढून पट्टी लावली, इपॉक्सी धरेपर्यंत जड वाहनं थांबवली आणि मग नवा पातळ थर टाकला, तर त्या थराचा वाटा तरी पट्टी घेते. इतकी साधी गोष्ट टाळतात, याची चीड येते.

आणि पट्टी सळईला नाही, कव्हरला, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराला, चिकटते. हातोडीने ठोकल्यावर कव्हर बद्द वाजत असेल तर ते आधी काढा. नाहीतर पट्टी कव्हरसकट सुटून येईल.