तुम्ही चालता तेव्हा तुम्हाला ढकलतं कोण?

चाकांच्या खुर्चीवर बसा, दोन्ही पाय वर घ्या, आणि आता कशालाही हात न लावता खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दाखवा. मी करून बघितलंय, जमत नाही. स्वतःचीच कॉलर धरून स्वतःला कितीही ओढा, खुर्ची ढिम्म हलत नाही. (अंगाला झटके देत देत थोडंफार सरकता येतं, हो, पण ते चाकं आणि फरशी यांच्यातल्या घर्षणामुळे, म्हणजे तिथेही मदत फरशीचीच, ती चीटिंग धरायची.) पण एकदा भिंतीला हात टेकवून ढकला, खुर्ची सुळकन मागे.

न्यूटनने 1687 साली प्रिन्सिपियामध्ये गतीचे तीन नियम मांडले, शाळेत आपण ते घोकले आणि पेपरात लिहूनही आलो, पण त्यातला एक शब्द बहुतेकांच्या हातून निसटतो, तो म्हणजे "बाहेरून". वस्तूची गती बदलायची असेल तर बल बाहेरून लागतं. आतल्या आत कितीही धडपड करा, ती आतच जिरते.

मग आपण चालतो ते कसं? पायांनी चालतो, सोपं आहे, असं वाटतं ना? पण पाय तर आपलेच, शरीराचाच भाग, ते आपल्याला बाहेरून कसे ढकलणार? आता एक पाऊल अनवाणी आणि अगदी सावकाश टाकून बघा. मागचा पाय उचलायच्या आधी बोटं फरशीला मागच्या बाजूला रेटतात, नीट लक्ष दिलं तर जाणवतं. अजून पक्का पुरावा हवा असेल तर गुळगुळीत फरशीवरचं पायपुसणं आठवा, घाईत पळत जाताना त्यावर पाय पडला की ते मागच्या मागे सटकतं आणि आपण तोंडावर. पायपुसणं मागे गेलं कारण आपण त्याला मागे ढकललं. फरशी तशी सटकत नाही, ती उलट तेवढ्याच जोराने आपल्याला पुढे ढकलते, आणि आपण त्यालाच "मी चाललो" म्हणतो. ताकद आपल्या स्नायूंची खर्च होते हे खरं, एनर्जीचं बिल आपणच भरतो, पण पुढे नेणारा धक्का फरशीचा. साबणाच्या पाण्यावर ती हा धक्का देऊ शकत नाही, मग ताकद तेवढीच असून काही उपयोग नाही. गाडीचंही तेच, इंजिन फक्त चाक फिरवतं, गाडीला पुढे ढकलतो तो रस्ता. चिखलात चाक जागच्या जागी गरगर फिरतं तेव्हा इंजिनात काही बिघाड नसतो, ढकलणारा गायब असतो.

इथे हमखास येणारा प्रश्न: क्रिया आणि प्रतिक्रिया समान आणि विरुद्ध दिशेने असतात, तर दोन्ही मिळून शून्य व्हायला पाहिजे, मग काही हलतंच कसं? प्रश्न एकदम रास्त आहे, आणि पुष्कळ जणांना याचं उत्तर कोणी दिलेलंच नसतं. उत्तर असं की ती दोन बलं एकाच वस्तूवर नसतातच. मी तुला शंभर दिले तर माझ्या खात्यात वजा शंभर, तुझ्या खात्यात अधिक शंभर, आकडा तोच, चिन्हं उलट, पण म्हणून माझ्या पासबुकात व्यवहारच झाला नाही असं होत नाही. पायाने दिलेला धक्का फरशीच्या खात्यात, फरशीने दिलेला धक्का माझ्या खात्यात, आणि मी हलणार की नाही हे फक्त माझ्या खात्यावरून ठरतं. मला तर क्रिया-प्रतिक्रिया हे शब्दच फसवे वाटतात, आधी एकाने काहीतरी केलं आणि मग दुसऱ्याने उत्तर दिलं असं त्यातून वाटतं, प्रत्यक्षात दोन्ही एकाच क्षणी असतात आणि कुठलं पहिलं याला काही अर्थ नसतो. कर्माचं फळ वगैरे सांगायला हा नियम फॉरवर्ड करणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं.

यात मोठमोठे लोकही फसलेत. रॉबर्ट गोडार्ड रॉकेटवर काम करत होते तेव्हा 13 जानेवारी 1920 ला न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात त्यांची टर उडवली, की अंतराळात हवाच नाही तर रॉकेट ढकलणार कशाला, एवढंही यांना कळत नाही. पण रॉकेटला बाहेरच्या हवेची गरजच नसते, ते ढकलण्यासाठी लागणारं सामान सोबत घेऊनच निघतं. जळलेला गॅस रॉकेट मागे फेकतं, गॅस रॉकेटला पुढे ढकलतो, झालं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न 5 चा पहिला टप्पा सेकंदाला साधारण 13 टन इंधन असं मागे फेकत होता. अपोलो 11 निघालं 16 जुलै 1969 ला आणि दुसऱ्याच दिवशी पेपरने चूक सुधारली, 49 वर्षांनी, तोवर गोडार्ड हयात नव्हते.

आता वजनकाटा घेऊन लिफ्टमध्ये उभे राहा (लोक बघतील, बघू दे). समजा काटा 60 किलो दाखवतोय. लिफ्ट वर निघताना तिचं त्वरण सेकंदाला 1 मीटर प्रतिसेकंद असेल तर काटा 66 च्या आसपास जातो, एकसारख्या वेगाने वर जायला लागली की परत 60, आणि थांबताना 54. तुमचं वस्तुमान बदललं नाही, पृथ्वीची ओढही बदलली नाही, मग बदललं काय? काटा तुम्हाला वर किती जोरात ढकलतोय ते, आणि तेवढंच काटा मोजतो. आपल्याला अंगात जो जडपणा जाणवतो तोही हाच खालून येणारा रेटा. स्पेस स्टेशन सुमारे 400 किलोमीटरवर आहे, तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ 90 टक्के असते, तरी अंतराळवीर तरंगतात कारण ते आणि स्टेशन दोघंही सोबतच पडत असतात, खालून ढकलायला कोणी नाही.

बरं, मग पृथ्वी तुम्हाला खाली ओढते त्याची जोडी कुठली? फरशीचा रेटा म्हणाल तर चुकलात, त्याची जोडी वेगळी, तुम्ही फरशीवर खाली देता तो दाब. ओढीची जोडी ओढच असणार, म्हणजे तुम्ही पृथ्वीला वर ओढता, तेवढ्याच जोराने, 60 किलोच्या माणसासाठी साधारण 588 न्यूटन. फक्त पृथ्वीचं वस्तुमान 6 वर 24 शून्यं इतके किलो, त्यामुळे ती हलते किती ते बघा: तुम्ही अर्धा मीटर उंच उडी मारलीत तर पृथ्वी तेवढ्या वेळात खाली सरकते, आणि तुम्ही खाली येताना परत वर येते, पण ते अंतर इतकं की एका प्रोटॉनच्या रुंदीचे अब्ज तुकडे केले तर त्यातल्या तीनेक तुकड्यांएवढं.