'संक्रांत कोसळली' आणि 'गोड बोला'

मराठीत एकाच सणाच्या नावाभोवती दोन परस्परविरोधी बोलणी आहेत. जानेवारीत आपण हातावर तिळगूळ ठेवून 'गोड बोला' म्हणतो. आणि वर्षभर, नोकरी गेली, पीक बुडालं, घरातला कर्ता माणूस गेला, की 'संक्रांत आली', 'संक्रांत कोसळली' असं म्हणतो. दिवाळी कोणावर कोसळत नाही, दसरा कोणावर ओढवत नाही. हे दुर्दैव एकट्या संक्रांतीच्याच वाट्याला का आलं, याचा शोध घेत गेलं की या सणाच्या ताटातल्या जवळजवळ प्रत्येक पदार्थाची वाट सापडते.

सुरुवात पंचांगापासून करावी लागते. सूर्य वर्षातून बारा वेळा राशी बदलतो, म्हणून संक्रांती बारा; त्यातली मकरेची मोठी मानली गेली. पण पंचांगातली संक्रांत ही नुसती खगोलातली घटना नाही, ती एक देवी आहे. पौष जवळ आला की घरोघरी विचारणा होते: यंदा संक्रांत कशावर बसून येतेय? तिचं वाहन कोणतं, उपवाहन कोणतं, अंगावर वस्त्र कोणत्या रंगाचं, हातात शस्त्र काय, कपाळाला टिळा कशाचा, खाते काय, कोणत्या दिशेकडून येते, कुठे जाते आणि पाहते कुठे, हे सगळं पंचांगात छापलेलं असतं. समजूत अशी की ती जे ल्यायली, जे खाते, ते महाग होतं. जिथून येते तिथे सुख आणि जिथे जाते तिथे दुःख. तिने पिवळं नेसलं तर त्या वर्षी पिवळं वाणात द्यायचं नाही, असं सांगणाऱ्या बायका आजही आहेत. संकरासुराला मारणारी ही देवी भीतिदायकच होती. मला वाटतं, 'संक्रांत बसली' हा वाक्प्रचार या पंचांगवाचनातूनच आला असावा.

पण लोकांच्या मनात त्याचा संबंध पानिपताशी घट्ट बसला आहे, आणि त्यामागचं दुःख खरं आहे. १४ जानेवारी १७६१. गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेल्यावर रसद तुटली होती. भाऊसाहेबांची फौज उपाशीपोटी त्या पहाटे बाहेर पडली. सणाच्या दिवशी महाराष्ट्रातल्या घराघरांत बांगड्या फुटल्या, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. तारखा मात्र वेगळं सांगतात. तो दिवस होता शके १६८२ मधल्या पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा. त्या काळी मकर संक्रांत १४ जानेवारीला येतच नव्हती.

याचं कारण साधं आहे. आपले बहुतेक सण तिथीने, म्हणजे चंद्राच्या गतीने येतात; संक्रांत सूर्याने येते, म्हणून ती इंग्रजी तारखेला चिकटून राहिल्यासारखी वाटते. खरं तर तीही सरकते, फक्त फार सावकाश. ताऱ्यांच्या संदर्भाने मोजलेलं आपलं सौर वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं आहे, त्यामुळे सत्तरेक वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. आणखी शंभर वर्षं मागे गेलं की आजच्या गणिताने १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास पडते, म्हणजे लढाईच्या साधारण चार दिवस आधी. पानिपताच्या स्मृतीला यामुळे काही उणेपणा येत नाही. आजचा १४ जानेवारी आणि तेव्हाचा १४ जानेवारी लोकांच्या मनात एक झाले, इतकंच.

१० जानेवारी ही तारीख कोकणातल्या काही वाचकांना चांगलीच ओळखीची असेल. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत आजही संक्रांत १० जानेवारीलाच होते. राशीचक्राचा आरंभ आकाशात नेमका कुठे धरायचा, यावरून लोकमान्य टिळकांच्या काळात ज्योतिषांमध्ये मोठा वाद झाला. टिळक पंचांगाने धरलेला आरंभबिंदू चारेक अंशांनी वेगळा, म्हणून सणही तितक्याच दिवसांनी आधी. रत्नागिरीकडच्या घरांत गुळपोळी खाऊन संपलेली असते तेव्हा पुण्यातल्या त्यांच्याच नातेवाइकांकडे तीळ भाजायला काढलेले असतात.

आणि ज्याच्यासाठी हा सण, ते उत्तरायण तर २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालेलं असतं. सूर्याचं उत्तरेकडे वळणं आणि मकरेत शिरणं हे दोन्ही सुमारे १७०० वर्षांपूर्वी एकाच दिवशी होत असे. शरपंजरी भीष्मांनी वाट पाहिली ती उत्तरायणाची.

मग तीळच का? थंडीत तीळ अंगाला मानवतो हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. तीळ या भूमीतलं फार जुनं पीक. हडप्पाच्या उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत, त्यांना चार हजारांहून अधिक वर्षं झाली. आपल्या भाषेत तर ते मुळापासून मुरलंय: 'तिल' वरून 'तैल', 'तैल' वरून 'तेल'. म्हणजे खोबरेल, करडईचं, शेंगदाण्याचं, कोणतंही तेल म्हणताना आपण तिळाचंच नाव घेत असतो. संस्कृतात 'स्नेह' म्हणजे तेलही आणि प्रेमही. तिळगूळ देताना 'स्नेह वाढवा' म्हणतात तो नुसता शब्दांचा खेळ नव्हे.

पण तीळ हे पितरांचंही धान्य आहे. तर्पणात काळे तीळ लागतात, तिलांजली द्यायची ती तिळाचीच. संक्रांत हा पर्वकाळ, संधिकाळ. अशा वेळी पितरांना तृप्त करायचं, दान द्यायचं, आणि जे अनिष्ट येऊ पाहतंय ते टाळायचं. या पौषातल्याच षट्‌तिला एकादशीला तिळाचे सहा उपयोग सांगितलेत: तिळाच्या पाण्याने स्नान, तिळाचं उटणं, तिळाचा होम, तीळ घातलेलं पाणी, तिळाचं खाणं आणि तिळाचं दान. सहांपैकी खाणं फक्त एक. आज आपल्याकडे ठळकपणे उरलं आहे ते हेच एक, आणि दान वाटीभर तिळगुळात सामावलं आहे. ज्या दिवसाची धास्ती वाटायची त्या दिवशी तोंडातून वावगा शब्द निघू नये, भांडण मिटावं, म्हणून 'गोड बोला' ही विनंती. सीमेपलीकडे कर्नाटकातही अगदी हेच म्हणतात: 'एळ्ळु बेल्ल तिंदु ओळ्ळे माताडी', तीळगूळ खाऊन चांगलं बोला. तिकडे एळ्ळु-बेल्ल म्हणजे तीळ, गूळ, खोबरं, शेंगदाणे नि डाळं यांची सुटी मिसळ. आपण पाक करून लाडू आणि वड्या वळल्या.

तीळ शास्त्राने दिला असेल, पण गूळ दिला तो शिवाराने. दिवाळीनंतर ऊस तयार होतो आणि गुऱ्हाळं पेटतात. ऐन संक्रांतीला कोल्हापूर, कराड, सांगलीकडे नवा गूळ बाजारात असतो. शंभर किलो उसामागे साधारण दहा-अकरा किलो गूळ पडतो. चुलवाणात चिपाडं सारत राहायची, काहिलीत रस उकळताना भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, ती काढून घ्यायची, आणि शेवटी गुळव्याने पाकाची गोळी पाण्यात पाहून काहील नेमकी कधी उतरवायची ते ठरवायचं. क्षणाचा उशीर झाला तर सगळा गूळ काळपट. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी ही पेठ वसवली ती प्रामुख्याने गुळाच्या व्यापारासाठी. पुढे २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. घरच्या बाईला यातला दुसराच तपशील महत्त्वाचा: वडीला चिक्कीचा गूळ हवा, गुळपोळीला मऊ साधा. उलटं झालं की वडी पडत नाही आणि पोळीतलं सारण कडक होऊन कडेपर्यंत पसरत नाही.

संक्रांतीआधीच्या महिन्याचं जेवण मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतं. सूर्य धनू राशीत असतो तो धनुर्मास, आपल्या बोलण्यातला धुंधुरमास. या महिन्यात एक दिवस तरी पहाटे उठून, सूर्य वर येतो न येतो तोच जेवायचं: मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, वांग्याचं भरीत. थंडीने भूक पहाटेच लागते, तिला मान देणारी ही प्रथा. धुंधुरमास संपतो भोगीला. भोगीची भाजी म्हणजे त्या आठवड्यात शेतात जे जे उभं आहे ते सगळं एका पातेल्यात: वांगी, गाजर, पावटे, घेवड्याच्या शेंगा, हरभऱ्याचे सोलाणे, ओल्या भुईमुगाचे दाणे, बोरं, कुठे उसाचे करवे सुद्धा, आणि वरून तिळाचं कूट. इतक्या पोराबाळांना पोटाशी घेतलेली म्हणून ती लेकुरवाळी. सातारा-सोलापूरकडे तिलाच खेंगट म्हणतात. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी. 'न खाई भोगी तो सदा रोगी' ही म्हण तिच्यासाठीच. या पातेल्यात भुईमूग तुलनेने नवा, दक्षिण अमेरिकेतून आलेला. वांगं इथलं जुनं. बाहेरून आलेल्यालाही इतकं आपलंसं केलं की भुईमुगाच्या शेंगा नसतील तर भोगी वाटतच नाही.

दुसऱ्या दिवशी तेच शिवार मातीच्या सुगडात भरतात. 'सुघट' चं सुगड झालं. ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या लोंब्या, तीळ: भोगीला जे शिजवलं ते संक्रांतीला कच्चं पुजायचं. सुगडांना सूत गुंडाळायचं, हळदकुंकू लावायचं आणि बायकांनी एकमेकींना वाण द्यायचं. पश्चिम महाराष्ट्रात याला ववसा म्हणतात. पंढरपुरात रुक्मिणीच्या दारात त्या दिवशी ववशासाठी बायकांची रीघ लागते. वाण लुटणं मग रथसप्तमीपर्यंत चालतं. आता सुगडाच्या जागी स्टीलच्या वाट्या आणि प्लॅस्टिकचे डबे आले आहेत, आणि त्याबरोबर ज्याच्या जोरावर हा सण उभा होता ते शेतातलं धान्यच त्यातून निघून गेलंय, याचं मला वाईट वाटतं.

काळा रंग एरवी सणाला वर्ज्य, इथे मानाचा. थंडीत काळं कापड ऊब धरतं, म्हणून नव्या सुनेला पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. हलव्याचा काटा ही घरची कला. शेगडीवर मंद आचेची परात, तीळ किंवा खसखस, आणि चमच्याने थेंबथेंब घातलेला पाक. बोटांनी सतत हलवत राहायचं. काटा यायला हवेत गारठा लागतो, म्हणून बायका पहाटे बसत. लहान बाळाला असेच दागिने घालून बोरन्हाण होतं: डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, आणि ते वेचायला गल्लीतली पोरं.

या सगळ्या गोडव्यातून एक मोठा वर्ग शतकानुशतकं बाहेर उभा होता. वाण सवाष्णींचं, कुंकू सवाष्णींचं. नवरा गेलेल्या बाईला तिळगूळ मिळे, पण तोही दारातून, हळदकुंकवाच्या वर्तुळाबाहेर. 'गोड बोला' म्हणणाऱ्या सणातला हा कडवटपणा झाकता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसंच करायला सांगितलं. त्यानंतर काही गावांत संक्रांतीचं हळदीकुंकू सर्व बायकांसाठी झालं. ते प्रत्येक गावात व्हावं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी किंक्रांत, म्हणजे करीदिन. देवीने किंकरासुराला मारलं तो दिवस, तरीही अशुभ. शुभकार्य करायचं नाही, लांबच्या प्रवासाला निघायचं नाही. कुठे शेणात हात घालायचा नाही, कुठे केर काढण्याआधी वेणी घालून घ्यायची. पण त्या दिवसाचं खाणं दोन दिवस आधीच ठरलेलं असतं. भोगीला भाकरी थापताना त्यातली एक बाजूला काढून फडक्यात गुंडाळून ठेवतात. तीळ लावलेली ती शिळी बाजरीची भाकरी किंक्रांतीला दह्याबरोबर खायची.