जॉर्जिया-रशिया वैराची पार्श्वभूमी : राखणदार आला आणि घरमालक झाला

जॉर्जिया आणि रशियाच्या भांडणाची चर्चा बहुधा 2008 च्या युद्धापासून सुरू होते. पण जॉर्जियन माणसाला विचारलं, तर तो थेट 1783 वर जातो.

पूर्व जॉर्जियातल्या कार्तली-काखेती राज्याला तेव्हा इराणी आणि तुर्क अशा दोन्ही बाजूंनी धाक होता. ख्रिस्ती धर्म सोडायला नकार दिला म्हणून काखेतीच्या केतेवान राणीला इराणच्या शाह अब्बासच्या हुकुमाने शिराझमध्ये 1624 साली हाल करून मारलं होतं. (तिच्या अस्थींचा काही भाग पोर्तुगीज पाद्र्यांनी गोव्यात आणला, जुन्या गोव्यात उत्खननात सापडलेला तो अवशेष भारताने 2021 मध्ये जॉर्जियाला दिला.) अशा परिस्थितीत राजा एरेक्ले दुसरा याला स्वधर्मीय रशिया जवळचा वाटला. 1783 मध्ये जॉर्जियेव्स्कचा तह झाला. परराष्ट्र व्यवहार रशियाच्या हाती, त्या बदल्यात संरक्षण आणि राजघराण्याची गादी कायम. वसईचा तह आठवत असेल, तर हा मामला मराठी वाचकाला नव्याने समजावायला नको.

फरक इतकाच, की इथे संरक्षण मिळालंच नाही. रशियाने फौज 1787 मध्ये परत नेली. सप्टेंबर 1795 मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानाने राजधानी तिबिलिसीवर चाल केली, तेव्हा पंचाहत्तरीला टेकलेला एरेक्ले क्रत्सानिसीच्या मैदानावर रशियन मदतीविनाच लढला आणि हरला. शहराची राखरांगोळी झाली, हजारो माणसं गुलाम म्हणून नेली गेली. रशियन कुमक आली ती सगळं उरकल्यावर.

त्यानंतर 1801 मध्ये झारने राज्यच खालसा केलं. गादीचं वचन गुंडाळलं गेलं. 1802 मध्ये तिबिलिसीतल्या सिओनी कॅथेड्रलला सैन्याचा वेढा घालून आतल्या सरदारांकडून निष्ठेची शपथ घेण्यात आली. पुढच्या वर्षी शेवटचा राजा जॉर्जी बारावा याची विधवा राणी मरियम हिला रशियाला न्यायला जनरल लाझारेव तिच्या महालात गेला. तिने खंजीर काढून त्याला तिथेच संपवलं. राणीची रवानगी रशियातल्या मठात झाली. 1811 मध्ये जॉर्जियन चर्चची स्वायत्तताही गेली.

झारशाही कोसळल्यावर 26 मे 1918 रोजी जॉर्जिया स्वतंत्र झाला. मे 1920 मध्ये सोव्हिएत रशियाने या स्वातंत्र्याला करार करून मान्यता दिली आणि नऊ-दहा महिन्यांत लाल सेना घुसवली. यासाठी आग्रह धरणारे स्टालिन आणि ऑर्जोनिकिद्झे हे दोघे बोल्शेविक नेतेही जॉर्जियनच, त्यामुळे ‘रशियन विरुद्ध जॉर्जियन’ अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. 1924 चा उठाव चिरडला गेला. 1978 मध्ये राज्यघटनेतलं जॉर्जियन भाषेचं स्थान काढायचा घाट लोकांनी रस्त्यावर उतरून हाणून पाडला. 9 एप्रिल 1989 च्या पहाटे तिबिलिसीत सैनिकांनी निदर्शकांवर फावडी चालवली, विषारी वायू सोडला. वीसेक माणसं गेली, त्यांत बहुतेक बायका. बरोबर दोन वर्षांनी, त्याच तारखेला, स्वातंत्र्य जाहीर झालं.

सगळा दोष मॉस्कोच्या माथी मारणं मात्र सोयीचं आहे. जॉर्जियातल्याच दक्षिण ओसेशिया या प्रदेशाची स्वायत्तता 1990 मध्ये रद्द केली ती तिबिलिसीनेच. ओसेशियन आणि अबखाझ लोकांना जॉर्जियन राष्ट्रवादाची भीती वाटत होती आणि ती निराधार नव्हती. रशियाने त्या भीतीचा पुरेपूर फायदा उठवला. 1993 मध्ये अबखाझियाची राजधानी सुखुमी फुटीरांच्या हाती पडली आणि त्या प्रदेशातून दोन लाखांवर जॉर्जियन निर्वासित झाले.

2008 च्या एप्रिलमध्ये नाटोने जॉर्जियाला कधीतरी सदस्यत्व देऊ असं सांगितलं, तारीख मात्र दिली नाही. ऑगस्टमध्ये पाच दिवसांचं युद्ध झालं. युरोपीय संघाच्या चौकशीत दक्षिण ओसेशियाची राजधानी त्स्खिनवालीवर पहिला मोठा तोफमारा जॉर्जियाने केल्याचं म्हटलं. त्याआधीची दीर्घकाळची चिथावणी आणि रशियाचा अतिरेकी प्रतिहल्लाही नोंदवला. त्याच महिन्यात रशियाने दक्षिण ओसेशिया आणि अबखाझिया या दोन्ही प्रदेशांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली. देशाची सुमारे 20 टक्के जमीन आज तिबिलिसीच्या हाताबाहेर आहे, काही गावांत तर काटेरी तार शेतांमधूनच गेली आहे.

राजनैतिक संबंध तेव्हापासून तुटलेले आहेत, निरोप स्विस दूतावासामार्फत जातात. व्यापाराचं तसं नाही. 2006 मध्ये रशियाने बंदी घातलेली जॉर्जियन वाइन 2013 पासून पुन्हा तिकडे जाऊ लागली आणि तिचं सर्वात मोठं गिऱ्हाईक आजही रशियाच आहे.